जुना ट्रॅक्टर घेताय? आधी टायरमधलं पाणी काढायला लावा

गेल्या उन्हाळ्यात थोरल्या दादांनी एका एजंटकडून 45 एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतला. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, कागदपत्रं सगळं पाहिलं. मागच्या टायरचे दात बरेच झिजलेले होते, तसं बोलूनही दाखवलं. एजंट म्हणाला, "दादा, दातांवर जाऊ नका. पल्टी नांगर लावून बघा, चाक जागेवर फिरलं तर पैसे देऊ नका." नांगर लावला आणि खरंच चाक फिरलं नाही. सौदा झाला.

पावसाळ्याच्या तोंडावर मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हची पिन काढली तर तांबूस पाण्याची धार लागली. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाला, "मिठाचं आहे." ट्यूबमध्ये मिठाचं पाणी भरून झिजलेलं टायर खपवलं होतं. ट्यूब बाहेर काढल्यावर रिम दिसली. बाहेरून चकचकीत चंदेरी रंग, आतून पापुद्रे सुटलेले. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ पाना टेकवला तर आरपार गेला. दुसऱ्या चाकाचीही तीच गत. दोन्ही रिम, टायर, ट्यूब नव्याने घ्यावे लागले, ऐन पेरणीत.

टायरमध्ये पाणी भरणं मुळात वाईट नाही. 13.6-28 मापाच्या मागच्या टायरमध्ये पाऊण भाग भरला तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे एका चाकावर तेवढे किलो वजन वाढतं आणि नांगरटीला पकड येते. पण ते साधं पाणी हवं. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, आपल्याकडे तो प्रश्नच नाही. मीठ असलं की ट्यूब जराशी झिरपली तरी रिम गंजायला लागते. शिवाय भेगा पडलेल्या जुन्या टायरमध्ये पाणी भरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हवेची गादी कमी उरते, दगडाचा मार सरळ टायरच्या आतल्या कापडी थरावर बसतो. चिखलणीला, म्हणजे भातासाठी पाण्यात चिखल करताना, तर ते वजन नकोच.

ओळखायचं कसं? व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवा आणि पिन दाबा. पाणी असेल तर लगेच उडतं. व्हॉल्व्ह वर असताना दाबलं तर नुसती हवा येते, आणि विकणारा नेमकं तसंच चाक उभं करून ठेवतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी पांढरट खार दिसतो का तेही पाहा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, 2214 म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. त्यावरून वय कळतं.

नांगराची चाचणी पाणी पूर्ण काढल्यावरच घ्या आणि टायर-रिमची स्थिती सौदापावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर टायरचा शब्दही नव्हता. एजंटला गाठलं तेव्हा त्याने तीच पावती पुढे केली.