नेपथ्यवाल्याची पिकअप: गॅस, पेट्रोल आणि टाकीचा हिशेब

आमचा धंदा रात्रीचा. पडदे, विंगा, फ्लॅट (कापड ताणून रंगवलेल्या चौकटी), लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) आणि लाइटच्या पेट्या घेऊन दुपारी देवळाकडे पोचायचं, नाटक संपलं की सगळं सोडवून गाडीत भरायचं आणि पहाटे फोंड्याला परत. कार्तिकापासून चैत्रापर्यंत गोव्यात कुठे ना कुठे जत्रा आणि उत्सवी नाटक असतंच. जांबावलीच्या गुलालाचे दिवस आले की आम्हाला जेवायलाही सवड नसते. जुनी डिझेल गाडी काढून गॅस (म्हणजे सीएनजी) आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा मायलेजचा विचार नंतर आला. आधी एकच प्रश्न होता: पहाटे तीनला सत्तरी तालुक्यातल्या रस्त्यावर गॅस संपला तर काय?

शोरूममध्ये सगळेच सांगतात, 'दोन्हीवर चालते'. ते खोटं नसतं. पण पुढचा प्रश्न आपण विचारायचा असतो: पेट्रोलची टाकी किती लिटरची? मारुतीची सुपर कॅरी एस-सीएनजी घ्या, महिंद्राची सुप्रो सीएनजी ड्युओ घ्या, पेट्रोलची टाकी 5 लिटरची. म्हणजे गाडी गॅसचीच, पेट्रोल फक्त अडीअडचणीला, जवळच्या पंपापर्यंत पोचवण्यापुरतं. पाच लिटरवर लादलेली गाडी फार तर साठ-सत्तर किलोमीटर जाईल, आणि फोंड्याहून काणकोणच साठाच्या आसपास आहे. टाटाची इन्ट्रा व्ही20 मात्र 2022 च्या सप्टेंबरात आली तीच 35 लिटरची पेट्रोल टाकी घेऊन. गॅस मिळाला नाही तरी ती नुसत्या पेट्रोलवर आरामात दिवस काढते. आमची निवड इथेच झाली. बाकीचं सगळं मी तपासलं ते मनाच्या समाधानासाठी.

याचा अर्थ सुपर कॅरी वाईट आहे असा नाही. चालवायला मला तीच जास्त आवडली. 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, आवाज कमी, स्टेअरिंग कारसारखं हलकं. म्हापशाच्या बाजारात माल देणारा, पणजीत पाण्याचे कॅन पोचवणारा, रात्री गाडी घरासमोर लावून झोपणारा माणूस असेल तर त्याने डोळे मिटून ती घ्यावी. गॅसवर तिची भारक्षमता 625 किलो, सुप्रो ड्युओची 750. आमच्या सामानाला वजन तसं कमीच. अडचण लांबी-रुंदीची आहे. फ्लॅट आठ फुटी. सुपर कॅरीच्या हौद्यात ते तिरके उभे करावे लागतात, फाळका उघडा ठेवून मागे लाल फडकं बांधावं लागतं, आणि वाटेत पोलिसाने हात दाखवला की खाली उतरून नाटकाचं नाव सांगावं लागतं. इन्ट्राचा हौदा आठ फुटांहून लांब आहे, फ्लॅट आडवे जातात. व्ही20 ची भारक्षमता 1000 किलो, नंतर आलेल्या व्ही20 गोल्डची 1200. गॅसच्या टाक्या चॅसीला खाली बसवलेल्या असल्यामुळे हौद्यातली जागा जात नाही. बाहेरून किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत सिलिंडर हौद्यातच ठेवलेला पाहिला असेल, तसं इथे नाही.

आता घाट. गॅसवर गाडीचा दम कमी होतो, आणि हे कुठल्याही कंपनीच्या गाडीत होतं. गॅस हवेची जागा खातो, म्हणून तेवढ्याच इंजिनात ताकद कमी भरते. व्ही20 चा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, पेट्रोलवर 106 न्यूटन मीटर आणि गॅसवर 95, आकड्यावरून फरक लहान वाटतो. पण मागे लेव्हल आणि डिमर (दिवे कमी-जास्त करायच्या पेट्या) भरून करमल घाट चढताना तो पायाला कळतो. आमचा लाइटवाला शेजारी बसलेला असतो, तो चढण दिसायच्या आधीच म्हणतो, "दादा, पेट्रोलावर टाक." डॅशबोर्डावरचं बटण दाबायचं, एवढंच. चोर्ला किंवा अनमोड चढून बेळगावला माल न्यायचा असेल, तर मोठ्या पेट्रोल टाकीचा खरा उपयोग तिथे होतो. पाच लिटरवाल्याला घाटात पेट्रोल जाळणं परवडत नाही.

पैशाचं बोलायचं तर पुण्या-मुंबईकडच्यांचे हिशेब गोव्याला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे पेट्रोलवरचा कर कमी, म्हणून सिंधुदुर्गातल्या गाड्या सीमेवरच्या पत्रादेवीला येऊन टाकी भरून जातात. पेट्रोल स्वस्त म्हटल्यावर गॅसमुळे होणारी बचत इथे तितकी मोठी दिसत नाही. एक किलो गॅसमध्ये साधारण 1.4 लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. आजचा गॅसचा भाव 1.4 ने भागा आणि पेट्रोलच्या भावाशेजारी मांडा. जो फरक उरेल तीच तुमची बचत. त्यातून रांगेत गेलेला वेळ वजा करायचा. ज्या पंपांना पाइपलाइन नाही, त्यांना गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. तो ट्रक रिकामा होत आला की दाब पडतो आणि तुमची टाकी अर्ध्यावरच थांबते. पैसे किलोवर असतात, त्यामुळे फसवणूक होत नाही. पण दोनशे बार दाबाला भरलेली टाकी आणि दीडशेला भरलेली टाकी यांत परतीचा प्रवास असतो. मी शक्यतो दुपारी निघतानाच भरतो, नाटकाच्या रात्री पंपाच्या भरवशावर राहत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकूण वजन 3000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, आणि या तिन्ही त्यात बसतात. साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाड्यांसाठी ते पुन्हा स्पष्ट केलं. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा कोणी जुनं कोटेशन पुढे केलं तर नवं मागा. आणि हौद्यात माणसं बसवायची नाहीत. नाटक मंडळी 'अहो, एवढंच तर जायचं' म्हणून गयावया करतात, विशेषतः दारू प्यायलेला राजा. तरीही नाही.

आता देखभाल. नव्या गाडीत लोक महिनोन् महिने गॅसवरच फिरतात आणि टाकीतलं पेट्रोल तसंच पडून राहतं. आठवड्यातून एकदा तरी थोडं अंतर पेट्रोलवर काढावं, इंजेक्टर चांगले राहतात. गॅसवर स्पार्क प्लगवर ताण जास्त, त्यामुळे ते सर्व्हिस बुकात लिहिल्या वेळेला बदलायचे, मेकॅनिकच्या मूडवर नाही. सिलिंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख गॅस भरायच्या तोंडाजवळच्या पट्टीवर असते, ती उलटली की पंपवाला भरायला नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. गाडी ताब्यात घेतानाच ती पट्टी वाचून घ्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती कोरड्या मुलखातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. टाक्या चॅसीखाली, म्हणजे जून ते सप्टेंबर चिखलात, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर बारा महिने खाऱ्या वाऱ्यात. पट्टे आणि नटबोल्ट गंजायला लागले की मग घाई करून उपयोग नाही. मी चतुर्थी आटपली की जत्रांचा मोसम सुरू व्हायच्या आत गाडी रॅम्पवर चढवतो, खालून पाण्याने धुतो, टाकीचे पट्टे स्वतः हाताने हलवून पाहतो आणि सगळ्या भागाला गंजरोधक मारून घेतो. गॅसच्या नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायला पाच मिनिटं लागतात. हे काम गॅरेजवाल्यावर सोपवलं तरी समोर उभं राहून करून घ्या.