वाळवा तालुक्यातलं गुऱ्हाळ: गूळ चोख, हिशोब रोख

आमच्या शिवाराला लागूनच हे गुऱ्हाळ आहे. मी इथे ऊस घालतो आणि घरचा गूळही इथूनच नेतो.

गूळ अव्वल. रसात रानभेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढतच राहतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांत वळून बघितल्याशिवाय काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवत नाही. रंग तांबूस, पिवळाधमक गूळ हवा असेल त्यांनी दुसरीकडे जावं. काकवी मात्र चुकवू नका.

व्यवहार त्याहून सरस. वजन डोळ्यांसमोर, दर आधी ठरलेला, पैसे रोख. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्यांना उसाचे पैसे चुकवायला १४ दिवसांची मुदत घातलेली आहे, तरी एका कारखान्याकडे माझं बिल हंगाम उलटेपर्यंत अडकलं होतं. नुसता कायदा काय कामाचा? शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक हवं. आणि सरकार तेच अडवतं: महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची सक्ती आहे. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून बाजाराचं स्वातंत्र्य मागितलं ते यासाठीच. अंतराची अट काढा, कारखाने उसासाठी आपसांत चढाओढ करतील. अनुदान नको मला, मोकळीक द्या.

उणीव एवढीच की ट्रॅक्टर वळवायला जागा अपुरी आहे. पावसाळी हवेत ढेप घेतलीत तर नीट बांधून मागा, पाझरते.