भाषा हेडरवरून ओळखावी की पत्त्यात ठेवावी?

सांगलीच्या हळद अडत्याची वेबसाइट मराठी, कन्नड आणि इंग्रजीत करायची, तर कोणाला कोणतं पान द्यायचं हे दोन प्रकारे ठरवता येतं.

पहिला मार्ग हेडरचा, म्हणजे पान मागताना सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीचा. ब्राउझर विनंतीसोबत ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ पाठवतो. त्यात ‘एमआर, ईएन;क्यू=0.8’ असेल तर मराठी (एमआर) आधी, मराठी पान नसेल तर इंग्रजी (ईएन). क्यू म्हणजे त्या भाषेची पसंती किती; तो लिहिला नाही तर 1 धरायचा. 0 म्हणजे ती भाषा नकोच. ग्राहकाला काही दाबावं लागत नाही. पण उत्तरात ‘व्हेरी: अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ (हे उत्तर भाषेनुसार बदलतं, अशी सूचना) घालायचं राहिलं, की मधला कॅशे, म्हणजे आधी दिलेली पानं साठवून पुन्हा देणारी यंत्रणा, मिरजेच्या मराठी गिऱ्हाइकाला आधी दुसऱ्याने मागितलेलं कन्नड पान देऊन मोकळा! शिवाय आपल्याकडे मराठी वाचणाऱ्या अनेकांचा फोन इंग्रजीतच असतो, मग हेडरही इंग्रजीच मागतो. शोधासाठी पानं वाचत फिरणारा गूगलचा बॉट तर हा हेडर पाठवतच नाही, म्हणून त्याला एकच भाषा दिसते.

दुसरा मार्ग ‘/एमआर/’, ‘/केएन/’ अशा वेगळ्या पत्त्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली तरी भाषा बदलत नाही. ‘एचरेफलँग’ (याच पानाची दुसऱ्या भाषेतली प्रत कुठे आहे हे गूगलला सांगणारी खूण) मात्र प्रत्येक भाषेच्या पानावर हवा. एकतर्फी जोडणी गूगल धरत नाही.

आमचा कौल पत्त्यालाच. हेडर फक्त मुखपृष्ठावर, पहिल्या भेटीत वापरा; ग्राहकाने बटणाने भाषा निवडली, की ती कुकीत (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीत) ठेवा आणि पुढे तीच माना.