‘४के’ कॅमेरे, तीस दिवसांचे रेकॉर्डिंग आणि न ओळखता येणारा चेहरा

घराबाहेर लावण्यासाठी आम्ही चार कॅमेरे घेतले, तेव्हा विक्रेत्याने दोन गोष्टींची खात्री दिली होती: चारही कॅमेरे ‘४के’ दर्जाचे आहेत आणि त्यांचे रेकॉर्डिंग तीस दिवस साठून राहील. पुढे एका रात्री अंगणातून सायकल चोरीला गेली. फुटेज काढून पाहिले, तेव्हा फाटकातून आत येणारा माणूस दिसत होता, पण तो कोण हे त्याच्या घरच्यांनाही सांगता आले नसते. त्यानंतर ओळखीच्या एका अनुभवी तंत्रज्ञाला बोलावून आम्ही सगळी यंत्रणा तपासून घेतली, आणि हा योगायोगाने आलेला दोष नसून ठरवून केलेली फसवणूक आहे हे स्पष्ट झाले. ती अशा ठिकाणी केलेली होती, जिथे घेणारा माणूस सहसा पाहत नाही, किंबहुना जिथे त्याने पाहू नये अशीच व्यवस्था असते. ती ठिकाणे इतरांना आधीच ठाऊक असावीत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काम पूर्ण झाल्यावर विक्रेत्याने भर दुपारी मोबाइलवर थेट चित्र दाखवले. ते चांगले होते. फाटकावरच्या पाटीवरील मोठी अक्षरे वाचता येत होती, आणि त्याने बोटांनी चित्र मोठे करूनही दाखवले. मग उरलेली रक्कम मागितली आणि ती घेऊन तो गेला. जे दाखवले ते त्या क्षणापुरते खरे होते, परंतु ते थेट चित्र होते. हार्डडिस्कवर साठत होते ते चित्र निराळे होते, आणि ते त्याने एकदाही उघडून दाखवले नाही. चोरी झाल्यावर उपयोगी पडते ते साठवलेले चित्र. मोबाइलवर थेट दिसणाऱ्या चित्राकडे त्या घटकेला कोणाचे लक्ष असेलच असे नाही.

आजकालचे बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह पाठवतात. एक ‘मेन स्ट्रीम’, म्हणजे पूर्ण दर्जाचे चित्र, आणि दुसरा ‘सब स्ट्रीम’, म्हणजे मोबाइलवर किंवा कमी वेगाच्या इंटरनेटवर चटकन दिसावे म्हणून लहान केलेले चित्र. रेकॉर्डरमध्ये नेमका कोणता प्रवाह साठवायचा हे सेटिंगमध्ये ठरवता येते. आमच्या रेकॉर्डरमध्ये चारही कॅमेऱ्यांसाठी सब स्ट्रीम साठवण्याचे सेटिंग होते, आणि त्याचा आकार अवघा ७०४ × ५७६ पिक्सेल, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांचे बनते तेवढे ठिपके, होता. खऱ्या ४के चित्राचा आकार ३८४० × २१६० पिक्सेल असतो. साठवलेली फाइल संगणकावर घेऊन तिची माहिती उघडली की हे आकडे समोर येतात. त्यासाठी कोणतेही विशेष ज्ञान लागत नाही.

असे सेटिंग त्याने का ठेवले असावे, याचे उत्तर साध्या गुणाकारात सापडते. ४के कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट, धरला, तर एका कॅमेऱ्याचे दिवसभराचे अखंड रेकॉर्डिंग सुमारे ८६ जीबी होते आणि चार कॅमेऱ्यांचे जवळपास ३४५ जीबी. आम्हाला दिलेली हार्डडिस्क १ टीबीची होती, म्हणजे ती तीन दिवसही पुरली नसती. तीस दिवसांसाठी १० टीबीहून अधिक जागा लागली असती. याउलट सब स्ट्रीम सेकंदाला ५१२ किलोबिट या दराने साठवला की चारही कॅमेरे मिळून दिवसाला सुमारे २२ जीबी लागतात आणि तीस दिवसांचे रेकॉर्डिंग ६६५ जीबीच्या आत बसते. मोठ्या डिस्कचा खर्च वाचवून ‘तीस दिवस’ हा शब्द पाळल्याचे दाखवायचे, तर हाच मार्ग होता. दिवसांची संख्या त्याने पाळली, चित्र मात्र काढून घेतले. कोणी एवढ्या दिवसांचे आश्वासन दिले, तर किती कॅमेरे, कोणता प्रवाह, सेकंदाला किती बिट, सतत की फक्त हालचाल झाल्यावर, हे चारही प्रश्न तिथल्या तिथे विचारावेत आणि हा गुणाकार त्याच्यासमोर कागदावर करावा.

मेन स्ट्रीम साठवायला लावल्यावर तरी ४के चित्र मिळेल असे आम्हाला वाटले होते, पण तेही खरे नव्हते. तंत्रज्ञाने एकाच जागेचे चित्रण आधी ४के सेटिंगवर आणि नंतर १९२० × १०८० सेटिंगवर केले आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. दूरच्या भिंतीवरच्या विटांच्या रेघा, झाडाची पाने, फलकावरची बारीक अक्षरे, यांत काहीही फरक नव्हता. ४केची फाइल तेवढी मोठी झाली होती. पुढे एक कॅमेरा उघडला, तेव्हा आतल्या सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागाच्या, क्रमांकावरून तो २ मेगापिक्सेलचाच (वीस लाख पिक्सेलचाच) असल्याचे निश्चित झाले. ४केसाठी सुमारे ८ मेगापिक्सेलचा सेन्सर लागतो. म्हणजे कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर लहान चित्र ताणून मोठे करत होते आणि त्या ताणलेल्या आकाराचे नाव खोक्यावर छापलेले होते. सेन्सरने जे टिपलेच नाही, ते ताणून परत मिळत नाही.

आता अंतराचा प्रश्न, आणि माझ्या मते घरासाठी कॅमेरा निवडताना सर्वांत कमी विचारला जाणारा हाच प्रश्न आहे. पाळत-यंत्रणांसाठी असलेल्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत एका मीटरमागे किती पिक्सेल असावेत याची अंदाजी पातळी दिलेली आहे: कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी २५, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५०. आमच्या कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरची लेन्स होती, जी सुमारे १०५ अंशांचा रुंद भाग दाखवते. फाटक कॅमेऱ्यापासून साधारण १० मीटरवर आहे, आणि तेवढ्या अंतरावर अशा लेन्सच्या चित्राची रुंदी सुमारे २६ मीटर होते. त्या २६ मीटरांवर सब स्ट्रीमचे ७०४ पिक्सेल वाटले, तर मीटरमागे फक्त २७ पिक्सेल येतात. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी १६ सेंटीमीटरच्या आसपास धरली, तर त्या रात्रीच्या चोराचा चेहरा आमच्या फुटेजमध्ये जेमतेम चार पिक्सेल रुंद होता. एवढ्यातून कोणत्याही सॉफ्टवेअरला चेहरा ‘स्वच्छ’ करून देता येत नाही. तसा दावा करून पुन्हा रक्कम मागणारे लोकही भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

हाच हिशेब प्रामाणिक कॅमेऱ्यालाही लावून पाहावा. खरा ४के कॅमेरा असता, तरी त्याच लेन्सने १० मीटरवर मीटरमागे सुमारे १४७ पिक्सेल मिळाले असते, म्हणजे ओळखीचा माणूस ओळखू आला असता. अनोळखी माणसाची ओळख पटण्याइतके चित्र ६ मीटरच्या आतच मिळाले असते. फाटकासाठी ६ मिलिमीटरची, अरुंद भाग पण जवळून दाखवणारी लेन्स हवी होती, आणि रुंद लेन्स फक्त दारासमोरच्या जागेसाठी ठीक होती. विक्रेत्याने चारही ठिकाणी एकाच लेन्सचे कॅमेरे लावले, कारण त्याच्याकडे तोच माल होता. ‘रात्री ३० मीटरपर्यंत दिसते’ हा आकडाही त्याने वारंवार सांगितला होता. तो आकडा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश कुठवर पोहोचतो याचा असतो, आणि प्रकाश पोहोचणे म्हणजे चेहरा ओळखू येणे नव्हे.

रात्रीच्या चित्राची आणखी एक अडचण आहे. प्रकाश कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चौकटीसाठी (फ्रेमसाठी) जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. हा वेळ सेकंदाचा पंचविसावा भाग असेल आणि माणूस सेकंदाला दीड मीटर या वेगाने चालत असेल, तर एका चौकटीत तो ६ सेंटीमीटर सरकतो आणि चेहरा पुसट होतो. स्थिर उभ्या माणसाचे नमुना-चित्र दाखवून विकणाऱ्याला म्हणूनच चालत्या माणसाचे चित्र मागावे. आमच्या कॅमेऱ्यांवर इन्फ्रारेड दिव्यांची भरगच्च रांग दिसत होती. अंधारात मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर त्यांतले निम्म्याहून कमी दिवे जांभळट उजळलेले दिसले, बाकीचे केवळ दिसण्यापुरते बसवलेले होते.

हार्डडिस्क नवी म्हणून दिली होती. रेकॉर्डरच्या मेनूत डिस्कच्या प्रकृतीची नोंद असते, तिच्यात ती वीस हजारांहून अधिक तास चाललेली असल्याचे दिसले. वर्षात ८७६० तास असतात, म्हणजे ती दुसरीकडे दोन वर्षांपेक्षा जास्त वापरून झालेली होती. केबलही शुद्ध तांब्याची नव्हती. पात्याने तार खरवडली, तर आत पांढरे ॲल्युमिनियम निघाले. अशा तारेचा विरोध जास्त असतो, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागून विजेची गरज वाढली की लांबच्या कॅमेऱ्याला पुरेसा विद्युतदाब (व्होल्टेज) मिळत नाही. मागचा एक कॅमेरा रात्रीच का बंद पडून पुन्हा सुरू होतो, याचा उलगडा तेव्हा झाला. कॅमेऱ्यावर ‘आयपी६६’ लिहिलेले होते आणि तो पावसात टिकलाही, पण त्याचे जोड विक्रेत्याने भिंतीवर उघडेच लोंबकळत सोडले होते आणि त्यांना गंज चढला होता. जोडांसाठी बंद डबी लावणे हे बसवणाऱ्याचे काम आहे आणि ते सोडून देऊ नये.

या सगळ्यापेक्षा मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच निघाली. यंत्रणेचे मुख्य खाते विक्रेत्याच्या ईमेलवर उघडलेले होते, आणि आमच्या मोबाइलला त्यातून फक्त पाहण्याची परवानगी दिलेली होती. अर्थात आमचे अंगण, आमची जाण्यायेण्याची वेळ, मुलांचे खेळणे, हे सर्व त्याला कोठूनही पाहता येत होते. त्याने पाहिले की नाही हे सिद्ध करणे शक्य झाले नाही, परंतु ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये घरांना सुरक्षा-यंत्रणा बसवणाऱ्या एका तंत्रज्ञाने ग्राहकांच्या खात्यांना स्वतःचा ईमेल जोडून ठेवला होता आणि सुमारे २०० खाती त्याने ९६०० हून अधिक वेळा उघडल्याचे न्यायालयात निष्पन्न झाले. २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. आमच्या रेकॉर्डरचा पासवर्डही कारखान्यातून आलेलाच ठेवलेला होता, आणि २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर नेमक्या अशाच पासवर्डांच्या आधारे ताब्यात घेतले होते. आम्ही सर्व उपकरणे मूळ स्थितीत आणली, खाते आमच्या ईमेलवर नव्याने उघडले आणि पासवर्ड बदलले. हे काम बसवणारा माणूस घरात असतानाच, त्याला पासवर्ड न दाखवता, स्वतःच्या हाताने करावे.

विक्रेत्याला जाब विचारला, तेव्हा त्याचे उत्तर होते की ‘सगळीकडे असेच बसवतात, तुम्हीच जास्त खोलात जाताय’. तक्रार केली, तेव्हा त्याच्या बिलाने त्याला वाचवले. बिलावर ‘४के कॅमेरा, नग ४’ एवढेच होते. कंपनीचे नाव नाही, मॉडेल क्रमांक नाही, अनुक्रमांक नाही, डिस्कची क्षमता नाही. बसवलेले कॅमेरे त्यानेच दिले याबद्दलही तो वाद घालू लागला. डिस्क बदलून मिळाली, कारण तिच्यावर त्याच्या दुकानाचा शिक्का होता. कॅमेऱ्यांची रक्कम अजून परत मिळालेली नाही आणि तक्रार चालू आहे. मॉडेल क्रमांकाचा आग्रह यासाठीही धरायचा की त्यावरून सेन्सर व लेन्सची माहिती निर्मात्याच्या पत्रकात आधीच वाचता येते, आणि खोक्यावर ‘ऑनव्हिफ’चे नाव असेल, तर वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून मानके ठरवणाऱ्या, २००८ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या खुल्या यादीत ते मॉडेल आहे का, हेही पाहता येते. आमचे मॉडेल त्या यादीत नव्हते.

नवीन कॅमेरे घेताना आम्ही एकच अट घातली: आधी एक कॅमेरा नेमक्या जागी तात्पुरता लावायचा, रात्री घरातल्या एकाने फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायचे, आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरमधून काढलेली फाइल संगणकावर पाहून चेहरा ओळखू आला, तरच बाकीचे काम आणि बाकीची रक्कम. पहिल्या दोन विक्रेत्यांनी ही अट मान्य केली नाही. तिसऱ्याने केली, फाटकासाठी लेन्स बदलण्याचे त्यानेच सुचवले आणि दहा फुटांपेक्षा उंच कॅमेरा लावला तर टोप्या व डोकीच दिसतील, असेही आधी सांगितले.

आधीच्या विक्रेत्याने आमच्या ओळखीच्या आणखी काही घरांत यंत्रणा बसवलेली आहे. त्यांच्या परवानगीने आम्ही त्यांचे रेकॉर्डर उघडून पाहिले, तर सगळीकडे सब स्ट्रीमच साठत होता, आणि एका घरात डिस्क बिघडल्यामुळे काहीच साठत नव्हते, तरी मोबाइलवर थेट चित्र नेहमीसारखे दिसत असल्याने कोणाला त्याची कल्पना नव्हती. ज्यांच्या घरी कॅमेरे आहेत, त्यांनी आज रेकॉर्डरमध्ये जाऊन काल रात्रीची एक फाइल काढावी आणि तिचा आकार, तिची वेळ व तिच्यातला चेहरा स्वतः पाहावा.