कॉलेज करत ट्रान्झिट मिक्सर चालवतोय, 14 महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मी कोल्हापुरात टीवाय बीकॉमला आहे. सकाळचं कॉलेज असतंय, आणि गेले 14 महिने दुपारनंतर आणि रविवारी शिरोलीकडच्या एका आरएमसी (तयार कॉन्क्रीटच्या) प्लांटवर ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे फिरत्या ड्रममधनं कॉन्क्रीट साइटवर नेणारा ट्रक, चालवतोय. प्लांटचं नाव घालत नाही, कारण हा रिव्ह्यू प्लांटचा नाही, गाडीचा आहे, आणि कॉलेजची बरीच पोरं विचारतात की पार्टटाइम जमतंय का, त्यांना एकदाच सगळं सांगावं म्हणून लिहायला बसलोय. गाडीला माझ्याकडनं 5 पैकी 4. एक का कापला ते पुढं येईलच.

गाडी म्हणजे 10 चाकी, 6 घनमीटरचा ड्रम, आणि ड्रम फिरवायला केबिनच्या मागं वेगळं छोटं डिझेल इंजिन. आपल्या गवंड्यांच्या हिशोबात 6 घनमीटर म्हणजे दोन ब्रासपेक्षा थोडं जास्त. हजार स्क्वेअर फुटाचा 5 इंची स्लॅब असला तर बीम सोडून 12 घनमीटरच्या आसपास माल लागतो, म्हणजे दोन गाड्या. भरलेल्या गाडीत नुसतं कॉन्क्रीटच साडेचौदा टनांच्या घरात असतंय, आणि ते वाळूच्या डंपरसारखं गप बसून राहत नाही, फिरत असतंय, शिवाय ड्रम उंचावर. त्यामुळं वळणावर ही गाडी डंपरसारखी मारायची नाही. पहिल्या महिन्यात मामा (म्हणजे आमचे जुने ड्रायव्हर, त्यांच्या शेजारी बसूनच मी शिकलो) प्रत्येक वळणाआधी एकच बोलायचे, "हळू घे लेका, मागचं वजन अजून सरळच चाललंय." तेव्हा समजलं नव्हतं, टेंबलाई उड्डाणपुलावरनं भरली गाडी उतरवली तेव्हा अंगाला कळलं.

लायसनचं आधी बघा, कारण इथंच पोरं अडकतात. अठराव्या वर्षी कारचं लायसन निघतंय, पण ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय 20 पूर्ण पाहिजे आणि हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं पाहिजे, वर मेडिकल आणि ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट. कारच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालते, मिक्सर तर रिकामा पण त्याच्या वर जातो, त्यामुळं "कोण बघतंय, एक ट्रिप मार" असं कोणी म्हटलं तर बसू नका. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले सगळ्यात आधी लायसनच मागतात. मी स्वतः विसाव्या वाढदिवसापर्यंत थांबलो आणि मगच अर्ज भरला. क्लासनं ट्रक शिकवला, पण ड्रमबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, ते सगळं मामांच्या शेजारी बसून.

आता गाडीचा सगळ्यात चांगला भाग, ते वेगळं इंजिन. काही मिक्सरचा ड्रम ट्रकच्याच इंजिनावर चालतो, त्या गाड्या वजनाला हलक्या आणि डिझेलला बऱ्या. पण वेगळं इंजिन असलं की ट्रक बंद पडला तरी ड्रम फिरत राहतो. गेल्या जुलैत सांगली फाट्याजवळ माझ्या गाडीचा क्लच गेला, धो धो पाऊस, मागं लाइन लागलेली, मी घामाघूम, पण ड्रम मात्र निवांत फिरत होता. ड्रम थांबला असता तर विषय गंभीर होता, कारण आत माल बसला (घट्ट झाला) की तो ड्रमच्या मॅनहोलमधनं, म्हणजे माणूस आत जायच्या झाकणातनं, उतरून ब्रेकरनं फोडून काढावा लागतो, आणि ते काम किती वाईट असतंय ते मी बघितलंय, आत उकाडा, धूळ, आणि आवाजानं कान बधिर.

त्या दिवशी मामांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "गूळ हाय न्हवं गाडीत?" सीटखाली गुळाची एक ढेप कायम ठेवायला त्यांनीच लावलेली. साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही, सिमेंटच्या वजनाच्या अर्धा टक्का जरी पडली तरी माल बसायचं नाव घेत नाही, आणि कोल्हापुरात गुळाला काय तोटा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. तासाभरात मेकॅनिक आला म्हणून त्या दिवशी गूळ लागला नाही, पण फोडून बादलीत भिजवून तयार ठेवला होता. एक लक्षात ठेवा, गूळ पडलेला माल स्लॅबला अजिबात जात नाही, तो टाकूनच द्यायचा, गूळ फक्त ड्रम वाचवायला. आमचा तो माल पण उशीर झाला म्हणून साइटवर घेतला नाही. प्लांटवर मालात पाणी पडल्यापासून साधारण 2 तासांत गाडी साइटवर खाली व्हायला पाहिजे असं आयएस 4926 मध्ये (तयार कॉन्क्रीटचं भारतीय स्टँडर्ड) आहे आणि चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, भरल्याची वेळ लिहिलेली असतीय, त्यामुळं घड्याळाशी खोटं बोलता येत नाही.

जाताना ड्रम हळू ठेवायचा, मिनिटाला 2 ते 6 फेरे, साइटवर पोचलं की खाली करायच्या आधी जोरात फिरवून माल एकजीव करायचा, आणि उलटा फिरवला की आतली पाती माल बाहेर ढकलतात. हँडल दोन दिवसांत हाताला बसतं.

खरं काम साइटवर असतंय आणि त्याची कल्पना कोणीच देत नाही. कळंब्याला एका रविवारी घराचा स्लॅब होता. घरमालक काका रिटायर झालेले, सकाळपासनं नारळ फोडून, पेढे घेऊन उभे, आयुष्याची पुंजी त्या सेंट्रिंगवर पडणार होती. माल थोडा घट्ट दिसला तसा मुकादम माझ्याकडं आला, "ओ ड्रायव्हर, दोन बादल्या पाणी मारा की, सरकंना झालंय." गाडीवर पाण्याची टाकी असतीय, पाइप हातात असतोय, मारायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. पण ते पाणी ड्रम धुवायला दिलंय, मालात घालायला नाही. पाणी वाढलं की माल सरसर पळतो, गडी खूश होतात आणि स्लॅबची ताकद जाते, आणि ती गेलेली त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. मी म्हटलं, "मुकादम, प्लांटला फोन लावतो, केमिकल मारायचं असलं तर क्वालिटी तपासणारे क्यूसीवाले साहेब सांगतील, पाणी मी मारणार नाही." लई बोलले मला, कालचं पोरगं शिकवायलंय म्हणून. मग काका मधी आले, त्यांनी मलाच विचारलं की बाळा, पाण्यानं काय होतंय, मी सांगितलं, आणि ते मुकादमाला म्हणाले, "पोरगं सांगतंय ते ऐका." क्यूसीवाले अर्ध्या तासात आले, स्लम्प घेतला (माल किती पातळ-घट्ट ते मोजलं), केमिकल मोजून टाकलं, माल सरकला. त्याच मालाचे 150 मिलीमीटरचे क्यूब (ठोकळे) भरले, त्यांची ताकदीची टेस्ट 7 आणि 28 दिवसांनी असते. रिपोर्ट चांगला आला तेव्हा काकांनी प्लांटवरनं माझा नंबर मिळवून फोन केला. त्या फोननंतर मी या कामाकडं नुसतं खर्चाला पैसे म्हणून बघायचं सोडलं.

त्यामुळं तुम्ही घर बांधत असाल तर गाडी आली की चलन हातात घ्या, ग्रेड आणि भरल्याची वेळ बघा, आणि पाण्याच्या पाइपजवळ घरचं एक माणूस उभं करा.

आता तो कापलेला एक मार्क. डावी बाजू दिसत नाही. आरसे तीन आहेत तरी दाराच्या खालचा पट्टा आंधळाच राहतो, आणि आपल्याकडं मोपेडवाले नेमके डावीकडनंच घुसतात. राजारामपुरीच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूला कार लावलेल्या, वर वायरी, मधनं ही गाडी, तिथं हेल्पर खाली उतरल्याशिवाय मी एक फूट पण रिव्हर्स घेत नाही. दुसरं म्हणजे उन्हाळा, ड्रमचं इंजिन पाठीमागंच असल्यानं एप्रिल-मे मध्ये केबिन तापून निघते. जोडशूट (माल लांब सोडायला मागं जोडायची पन्हळ) पण जड आहे, जोडताना माझं बोट सापडलं होतं, नख गेलं, तेव्हापासनं हातमोज्याशिवाय हात लावत नाही. कॉन्क्रीटचं पाणी कातडी खातंय म्हणून गमबूट पण स्वतःचे घ्या, चप्पल घालून काम करणारे लई बघितलेत आणि त्यांचे पाय पण बघितलेत.

कॉलेजचं म्हणाल तर जमतंय, पण प्लांटवर आधीच बोलून ठेवायला लागतं. एकदा गाडी भरली की "माझं लेक्चर आहे" चालत नाही, ती रिकामी करून, धुऊनच चावी द्यायची. स्लॅब लांबला की रात्रीचे 11 वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा असली तर मी आदल्या दिवशी गाडी घेतच नाही, झोप न झालेला माणूस या सीटवर नको, भले दिवसाचे पैसे बुडू देत.

नवीन ठिकाणी गाडी ताब्यात घ्यायच्या आधी टॉर्च मारून ड्रमच्या आत बघा. पात्यांवर जुना माल थापून बसला असला तर ड्रम नीट धुतला जात नव्हता, आणि ते फोडायला नवीन पोरालाच आत पाठवतात. जायचंच झालं तर दोन्ही इंजिनं बंद, दोन्ही चाव्या स्वतःच्या खिशात, आणि बाहेर मॅनहोलपाशी ओळखीचा माणूस उभा पाहिजे, तो हलला की तुम्ही पण बाहेर या.