कोकणच्या पावसात जेडचे बोन्साय: चारही ऋतू पाहिल्यानंतरचा अनुभव

मांसल पानांच्या झाडांच्या बोन्सायविषयी जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेले असते. ‘पाणी बेताचे द्या, ऊन भरपूर द्या’ हा सल्ला पुण्याला किंवा नाशिकला पुरत असेल. पण मालवणात जून ते सप्टेंबर पाणी किती द्यायचे हे आपल्या हातात नसते आणि ऊन तर आठवडा-आठवडा दिसत नाही. गेल्या दिवाळीपासून यंदाचा पावसाळा सरेपर्यंत मी जेडची काही झाडे उथळ कुंड्यांत सांभाळली, त्यांची छाटणी केली, त्यांना तारा बांधल्या आणि दोन-तीन प्रकारचे मिश्रण वापरून पाहिले. माझे मत आधीच सांगते: किनाऱ्यावर हे बोन्साय उत्तम होते, मात्र ते झाडापेक्षा कुंडीतल्या मिश्रणावर आणि वरच्या छपरावर अधिक अवलंबून असते.

प्रथम झाडाविषयी. आपल्याकडच्या नर्सरीत ‘जेड’ म्हणून बहुधा पोर्टुलॅकारिया आफ्रा मिळते. तिची पाने जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची आणि कोवळ्या फांद्या तांबूस असतात. क्रॅसुला ओवाटा हे दुसरे जेड. त्याची पाने बोटाच्या दोन पेरांएवढी मोठी होतात, त्यामुळे लहान कुंडीत वृक्षाचा आभास निर्माण करणे अवघड जाते, शिवाय आपल्या पावसाळ्यात त्याचे खोड लवकर कुजते. दोन्ही झाडे दक्षिण आफ्रिकेची. पोर्टुलॅकारियाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो: पाणी मुबलक असले की ती इतर झाडांप्रमाणे दिवसा पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) उघडते आणि पाणी तुटले की ती रात्री उघडण्याच्या पद्धतीकडे वळते. दमट किनाऱ्यावर ती रमत नाही, हा समज खरा नाही. फ्लोरिडासारख्या उष्ण आणि दमट भागात बोन्सायकार जिम स्मिथ यांनी याच झाडाची मोठमोठी बोन्साय घडवली आणि त्यांचा संग्रह आज तेथील फोर्ट पिअर्सच्या हीथकोट उद्यानात जपलेला आहे.

‘तयार बोन्साय’ म्हणून ऑनलाइन मागवलेल्या झाडाने मात्र माझी निराशा केली. झाड निरोगी होते, खोडही चांगले जाड होते, पण चकचकीत मुलाम्याच्या कुंडीला तळाशी एकच भोक होते, आत निव्वळ कोकोपीट भरलेले होते आणि वरचे पांढरे खडे शोभेसाठी डिंकाने चिकटवलेले होते. अशा कुंडीत पाणी शिरते, पण बाहेर पडत नाही, आणि मिश्रण ओले आहे की कोरडे हे बोट घालून पाहण्याचीही सोय राहत नाही. हजार-दीड हजार रुपये त्या सजावटीसाठी मोजण्यापेक्षा नर्सरीतून शंभर-दीडशे रुपयांत साध्या पिशवीतले जुने, बुंध्याशी जाड झालेले रोप निवडून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

मिश्रणासाठी आपल्या दारातच उत्तम वस्तू आहे, ती म्हणजे जांभा. चिऱ्यांच्या खाणीवर किंवा जिथे बांधकाम चालू असते तिथे त्याचा चुरा सहज मिळतो. गवंड्याच्या चाळणीतून मोठे खडे वेगळे करून मग बारीक चाळणीने सगळी धूळ काढून टाकावी आणि साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे खडे तेवढे ठेवावेत. ते स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवावेत. बोटांत चुरडणारे मऊ, पिवळसर खडे पावसाळ्याअखेर चिखल होऊन बसतात. म्हणून टणक आणि गडद तांबडेच घ्यावेत. जपानी आकादामा माती किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड) मागवणे परवडत असेल त्यांनी जरूर मागवावे, पण सच्छिद्र जांभा तेच काम करतो आणि या हवेला तो परका नाही. मी दोन भाग जांभ्याची खडी, एक भाग विटेचे तुकडे, अर्धा भाग लाकडी कोळसा आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण वापरते. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेत नाही, कारण तिच्यातले मीठ पूर्ण निघाले की नाही याची खात्री देता येत नाही. मिश्रणाची परीक्षा सोपी आहे: तांब्याभर पाणी ओतताच ते पृष्ठभागावर न थांबता लगेच तळाच्या भोकांतून वाहिले पाहिजे.

पावसाळ्यात झाडे कुठे ठेवली, यावरच निम्मे यश ठरते. आमच्याकडे वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो आणि झड पश्चिमेच्या पडवीत पार भिंतीपर्यंत पोहोचते. त्यामुळे मिरग लागण्यापूर्वीच सगळ्या कुंड्या पूर्वेच्या अंगाला, पारदर्शक पत्र्याखाली आणि पागोळ्यांपासून हातभर आत हलवल्या. घरात नेणे हा उपाय नव्हे. अंधारात पेरांमधले अंतर वाढते, पाने पातळ होतात आणि मेहनतीने घडवलेला आकार महिन्याभरात विस्कटतो. पत्र्याखालीही आषाढात उजेड कमी पडला आणि फांद्या थोड्या लांबल्याच, परंतु त्या नंतर छाटून काढता आल्या. कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवणे मला पावसापासून आडोसा करण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. दाटीवाटीने ठेवलेल्या झाडांची आतली पाने आधी पिवळी पडून गळली.

छप्पर असले तरी पाणी मुळीच द्यायचे नाही असे नाही. मी बुंध्याजवळचे एक जुने पान चिमटीत धरून पाहते. ते घट्ट आणि फुगीर लागले, तर पाणी देत नाही. पानावर बारीक सुरकुत्या दिसल्या आणि ते किंचित लवले, तर भरपूर देते. आषाढात आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरले, तर वैशाखात त्याच उथळ कुंडीला एक दिवसाआड द्यावे लागले. समुद्राजवळच्या काही विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. तसले पाणी दिल्यास कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. तो दिसू लागताच मी नळाचे पाणी वापरायला सुरुवात केली, आणि खारा वारा जोरात असला की संध्याकाळी पानेही त्याच पाण्याने धुऊन घेतली.

छाटणीत या झाडाइतका आनंद देणारे दुसरे झाड मी पाहिलेले नाही. पाने समोरासमोर जोडीने येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते, त्यामुळे कोणत्या जोडीच्या वर कापले असता नव्या फांद्या कोणत्या दिशेला फुटतील हे कात्री लावण्यापूर्वीच कळते. कापताना पेराला अगदी चिकटून कापू नये, थोडा खुंट ठेवावा. कापलेले टोक त्या दिवशी हिरवे आणि ओलसर असते. पुढे ते हळूहळू तपकिरी होऊन आक्रसते, खालच्या पेरापर्यंत वाळत येते आणि तिथेच थांबते. मग त्या पेराच्या दोन्ही बाजूंना मोहरीएवढे लालसर डोळे दिसू लागतात. वाळलेला खुंट नंतर बोटाने ढकलला तरी निघून येतो. कापलेल्या फांद्या सावलीत आठवडाभर वाळवून खोचल्या की नवी रोपे होतात. माझ्या शेजारणींकडे आता त्यांच्या कुंड्या आहेत.

तारेपेक्षा छाटणीनेच आकार द्यावा, असे मी सुचवीन. कोवळे, पाणीदार खोड वाढीच्या दिवसांत झपाट्याने जाड होते आणि ॲल्युमिनियमची तार त्यात रुतते, म्हणून ती लावलीच तर दर आठवड्याला पाहावी. अवजारांबाबत एवढेच, की काळ्या कार्बन पोलादाची कात्री कितीही सुबक असली तरी इथल्या हवेत तिला प्रत्येक वापरानंतर पुसून तेल लावावे लागते. स्टेनलेस स्टीलची महाग पडते, पण किनाऱ्यावर तीच घ्यावी.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण सर्वांत त्रासदायक. पावसाळा संपताना ते पानांच्या बगलेत कापसासारखे दिसतात. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी, कारण तेल लागलेली पाने उन्हात भाजतात.

याच कुंड्यांशेजारी अडेनियमही ठेवले होते. उन्हाळ्यात त्याची फुले पाहून मन प्रसन्न होते, पण पावसाळ्यात त्याचा फुगीर बुंधा जेडपेक्षा कितीतरी नाजूक ठरतो; तो दाबून पाहावा आणि मऊ लागल्यास निरोगी भाग दिसेपर्यंत कापून कोरडा होऊ द्यावा. त्याचा चीक विषारी असतो. शेर या चिकाच्या झाडाचे बोन्साय करू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुले असलेल्या घरात मी जेडच सुचवीन.

कुंडी बदलण्याचे काम मी फाल्गुनात उरकते. हवा तापू लागलेली असते, पाऊस दूर असतो आणि कापलेली मुळे वाळायला वेळ मिळतो. इतर बोन्सायांना कुंडी बदलताच पाणी देतात. जेडला मात्र आठवडाभर देऊ नये, ओल्या मिश्रणातही बसवू नये. तळाच्या भोकांतून तार ओवून झाड घट्ट बांधावे, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ते हलणार नाही आणि नवी मुळे तुटणार नाहीत.