ओट्यावरची वही: दगडी कागदाचा पॅड

भांडी घासताना सुचलेली ओळ हात पुसेपर्यंत निसटते. साधी वही सिंकपाशी ठेवावी तर दोन दिवसांत फुगते. दगडी कागदाचा, म्हणजे दुकानदार ज्याला स्टोन पेपर म्हणतात त्याचा, ए७ पॅड (७४ × १०५ मिमी) या कामाला उत्तम. यात लाकडाचा लगदा नसतो; साधारण ८० टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि बाकी पॉलिथिलीन. त्यामुळे पाणी मुरत नाही, ओल्या बोटांनी पान उलटलं तरी फाटत नाही.

लिहायला २बी पेन्सिल, टोक जरा बोथट. फार टोकदार असेल तर पानावर चर पडतो. जेल पेनाची शाई लवकर सुकत नाही, अंगठा लागला की फासली जाते. शाईच्या पेनाचं तर नावच नको. तेलाच्या थेंबावर पेन्सिलही घसरते, तेव्हा आधी फडकं फिरवा.

पॅडवर ‘सासू-सून, कथा?’ असं लिहून काही उपयोग नाही. कानावर पडलेलं जसंच्या तसं उतरवा: ‘तिसरी शिट्टी झाली, अजून फोन नाही.’ पाच-सहा शब्द पुरेत, पण त्याच रात्री मोठ्या वहीत चार ओळी वाढवा. आठवड्यानंतर ती शिट्टी नुसती डाळीची उरते.

खोट दोन ठिकाणी. शेगडीजवळ पान वाकडं होतं, प्लास्टिकच ते. आणि हा कागद रद्दीत चालत नाही. साध्या पॅडपेक्षा महागही पडतो, पण स्वयंपाकघरापुरता एक घ्यावा. तारेचं स्पायरल टाळा, गंजतं. वरून गोंदाने बांधलेला बघा.